खोबरेल प्यालेली बंदूक

बंदूक हातात आली की मावशी आधी तिच्या पोटात करंगळी घालायच्या. बंदूक रिकामी आहे हे आम्ही सांगितलेलं असायचं. मावशींनी स्वतःच्याच हातांनी ती रिकामी करून आमच्या ताब्यात दिलेली असायची. तरी करंगळी जायचीच. बंदुकीच्या कुशीला काडतूस घालायची खिडकी असते, तिथून आत चाचपून ती बाहेर आली, की पदराला पुसत म्हणायच्या, "डोळा फसतो भाऊ. बोट फसत नाय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. कुलूप लावून चार पावलं गेल्यावर परत येऊन ते ओढून बघणारी, गॅस बंद केल्यावर बटणावर पुन्हा हात ठेवणारी. मावशी त्यांच्यातल्याच, फक्त त्यांच्या हातात कुलूप नव्हतं, बारा बोरची बंदूक होती.

मी मूळचा पेणचा. नोकरीची बरीच वर्षं रोह्याकडे काढली, तीही पोलीस खात्यात. पण खात्यात असून बंदुकीशी माझा संबंध इतकाच, की ती कोणाची, कधी आली आणि कधी परत गेली हे लिहून ठेवायचं. मी कारकून होतो. जप्त केलेल्या आणि जमा झालेल्या वस्तूंच्या खोलीची किल्ली माझ्याकडे असायची. त्या खोलीत चोरीच्या सायकलींपासून देवळातल्या घंटेपर्यंत काय वाटेल ते असे, आणि निवडणूक आली की त्यात बंदुकांची भर पडे. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत न्यायच्या. आतल्या गावांतून शेतकरी पीक राखायच्या जुन्या ठासणीच्या बंदुका घेऊन यायचे. बहुतेकांच्या बंदुका कोपऱ्यात टेकवल्या तरी त्यांना काही वाटत नसे. लाकडाची मोळी टाकावी तशा त्या पडायच्या.

मावशींची बंदूक मात्र गवसणीतून यायची. खाकी कापडाची, हाताने शिवलेली गवसणी, आणि गळ्याशी नाडी. मावशी एसटीत ती मांडीवर आडवी घेऊन बसायच्या, आणि सांगतात की कंडक्टर त्यांच्याकडे सुट्टे पैसे मागायचा नाही.

"भिंतीला टेकवू नका," पहिल्याच वर्षी त्यांनी मला बजावलं. "भिंत ओल धरते. वरच्या फळीवर ठेवा. आनि उघडीच ठेवा. तिला वारा लागला पायजे."

"मावशी, इथं सगळ्यांच्या बंदुका सारख्या."

"सगळ्यांच्या ठासनीच्या हायेत. माझी खटक्याची हाय."

हे खरं होतं. पुढच्या लाकडी मुठीला धरून मागे ओढायचं आणि पुढे ढकलायचं, की काडतूस आपोआप बसतं, अशी ती बंदूक. त्यांचे यजमान फौजेतून आल्यावर डोलवीकडे एका कंपनीच्या गेटावर पहारेकरी होते. बंदूक त्यांची, परवाना त्यांचा. ते गेले आणि मावशींनी अर्ज करून परवाना आपल्या नावावर करून घेतला. भात कापून झालं की शेतात वाल, आणि वालावर रानडुकरं. एकट्या बाईला तेवढं कारण पुरेसं होतं.

डुक्कर त्यांनी एकही मारलं नाही. "मारायचं कशाला? त्याला बी पोट हाय." हवेत एक बार काढायचा, बस. पुढेपुढे तर बारही लागत नाही असं त्या सांगायच्या. बांधावर उभं राहून नुसती मूठ मागेपुढे केली, की त्या खटक्याच्या आवाजानेच डुकरं पळतात. मला हे कधी पटलं नाही. पण त्यांच्या गावच्या पाटलांनीच मला सांगितलं, की लोक संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर येतात आणि म्हणतात, मावशी, आज आमच्या बांधावर पण जरा खटका वाजवून जा गो. मावशी मग डोक्यावर पदर नीट करून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारख्या निघायच्या.

बंदूक जमा करताना त्या दर वेळी एकच प्रश्न विचारायच्या. "ही आचारसंहिता डुकरांना लागू नाय का?"

जमा करून गप्प बसणाऱ्या त्या नव्हत्या. पहिल्याच निवडणुकीत पुढच्या सोमवारी हजर. नदीपलीकडच्या अष्टमी गावात एसटीतून उतरून पूल चालत ओलांडून आल्या होत्या. म्हणाल्या, "तेल द्यायला आलेय." जमा केलेल्या बंदुकीला मालकाने येऊन तेल द्यावं की नाही, याबद्दल नियम काहीच म्हणत नाही. तेव्हाचे साहेब हसले आणि मला म्हणाले, तुमच्या देखत देऊ दे. तेव्हापासून आचारसंहितेतला प्रत्येक सोमवार मावशींचा झाला.

माझ्या टेबलावर जुन्या लुगड्याचं फडकं पसरायचं. करंगळी. मग पुढचं टोपण फिरवून नळी वेगळी करायची, मूठ काढायची, आतले लहान भाग ओळीने मांडायचे. प्रत्येक भागाला त्यांचं स्वतःचं नाव होतं आणि सगळी नावं स्वयंपाकघरातली. ज्या नळीत काडतुसं राहतात ती फुंकणी. मुठीला जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्या म्हणजे चिमटा. काडतूस खालून वर उचलून देणारी पट्टी म्हणजे उलथणं. "आधी चिमटा, मग नळी. चिमटा नीट बसला नाय तर नळी रुसते." खरी नावं त्यांना ठाऊक नव्हती आणि मलाही नव्हती, त्यामुळे आमचं छान जमलं.

तेल मात्र खोबरेल. यजमानांनी फौजेच्या कँटीनमधून आणलेला बंदुकीच्या तेलाचा डबा कधीच संपला होता. मावशींकडे एक चपटी बाटली असायची. त्यातलं बोटभर बंदुकीला आणि बोटभर स्वतःच्या केसांना. मी एकदा म्हटलं, मावशी, याला वेगळं तेल मिळतं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"माझ्या केसांना चालतं, तिला का नाय चालनार? बघा, एक तरी केस पिकलाय का?"

बरेच पिकले होते. पण ते बोलण्याची माझी हिंमत नव्हती.

सगळं पुन्हा जोडून झालं, की मूठ मागे आणि पुढे. खर्रक-खट. मग मावशी थांबायच्या आणि माझ्या तोंडाकडे बघायच्या.

"ऐकलं का भाऊ?"

"ऐकलं."

"मग म्हना ना. बोलली म्हना."

"बोलली."

हे ऐकलं की त्यांचा चेहरा असा काही निवायचा, की मलाच काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटायचं. मला आधी हा त्यांचा एक चाळा वाटला होता. माणूस एकटं राहिलं की असे चाळे लागतात, असं मी घरी बायकोला सांगितलंही होतं. तिने विचारलं, "तुम्हाला म्हणायला का लावतात? स्वतः का नाही म्हणत?"

अशा दोनतीन निवडणुका गेल्या. मग एकदा आचारसंहिता ऐन पौषात लागली, आणि त्याच सुमारास आमच्याकडे नवे साहेब आले. घाटावरचे, तरुण, शिस्तीचे. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्टीत नवा साहेब आला की वाचक लगेच बाह्या सरसावतात. मावशींचा परवाना नूतनीकरणाला आला होता आणि साहेबांनी शिफारस करायची होती. त्यांनी मावशींना बोलावून समोर खुर्ची दिली.

"मावशी, तुम्ही एकट्या राहता. वय झालं. उद्या कोणी ही चोरून नेली तर? हात थरथरला आणि काही झालं तर? आता ही कायमची जमा करून टाका."

मावशींचा हात खुर्चीच्या दांडीवर होता. तो थोडा थरथरत होता, हे मलाही दिसलं. त्यांनी तो पदराखाली घेतला.

"माझा वाल कोन राखनार?"

"गावात इतरांच्या बंदुका आहेत की."

"त्या दुसऱ्यांच्या हायेत साहेब."

साहेबांनी जरा विचार केला. म्हणाले, "असं करू. येत्या सोमवारी माझ्यासमोर ही उघडून, साफ करून, जोडून दाखवा. जमलं तर मी शिफारस करतो. नाही जमलं तर तुम्हीच समजून घ्या."

"जमलं तर काय? आंधळ्याला विचारा," मावशी म्हणाल्या आणि उठल्या. आंधळ्याला का विचारायचं ते तेव्हा कोणालाच कळलं नाही. साहेबांना तो टोमणा वाटला.

त्या सोमवारी कुंडलिका नदीवर इतकं धुकं होतं, की पुलाचं दुसरं टोक दिसत नव्हतं. मावशी पहिल्या गाडीने आल्या. नेहमीचं लुगडं नव्हतं, ठेवणीतलं होतं. ठाण्यातले सगळे काही ना काही काम काढून माझ्या टेबलाच्या आसपास घुटमळत होते. मी फळीवरून बंदूक काढून आणली. लोखंड बर्फासारखं गार पडलं होतं.

मावशींनी फडकं पसरलं. करंगळी आत घातली आणि बाहेर काढली. बोट पांढरं झालं होतं. त्यांनी ते बघितलं. खटका दाबून मूठ पुढे ढकलली. मूठ हलली नाही. पुन्हा ढकलली. मग मागे ओढून बघितली. गुडघ्याशी धरून सगळा जोर लावला. बंदूक ढिम्म.

मावशींना गप्प झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. ओठ मिटलेले आणि दोन्ही हात बंदुकीवर तसेच. मला फार वाईट वाटलं. उठून काही मदत करावी, तर मला त्यातलं काय कळत होतं! साहेबही अवघडले. हलक्या आवाजात म्हणाले, "राहू द्या मावशी. होतं असं."

मावशींनी ते पांढरं बोट नाकाशी नेलं. वास घेतला. अंगठ्याने चोळलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं.

"थिजलीय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोबरेल थिजलंय, साहेब. आतून बाहेरून. दर सोमवारी पाजलंय की मी तिला." मग तुम्हीआम्ही थंडीत खोबरेलाच्या बाटलीचं जे करतो, तेच त्यांनी केलं. "तुम्ही च्या घ्या. हिला जरा ऊन दाखवते."

आणि खरंच, बंदूक दोन्ही हातांवर घेऊन त्या बाहेर गेल्या. धुकं विरून कुंपणाच्या भिंतीवर ऊन आलं होतं. तिथे फडकं घालून त्यांनी ती आडवी ठेवली आणि शेजारी पाय पसरून बसल्या. जमा झालेलं हत्यार उघड्यावर सोडता येत नाही, म्हणून नियमाप्रमाणे एका शिपायाला तिथे उभं करावं लागलं. तोही बिचारा उन्हाला पाठ करून सुखाने उभा राहिला. जाणारेयेणारे विचारत होते, काय झालं? शिपाई गंभीरपणे सांगत होता, बंदूक शेकतेय.

साहेब चहाचा कप हातात घेऊन पायऱ्यांवर आले. बराच वेळ त्या दोघींकडे, म्हणजे मावशींकडे आणि बंदुकीकडे, बघत राहिले. मग मला म्हणाले, "माझी खोबरेलाची बाटलीपण आज उन्हाला खिडकीत ठेवून आलोय." तेव्हा मला वाटलं, हा माणूस इथे रुळेल.

ऊन चांगलं चढलं तेव्हा बंदुकीच्या सांध्यांतून तेल पाझरायला लागलं. मावशींनी तिला उचलून मूठ हळूच हलवली. आधी कुरकुरली, मग सरकली. मग तिथेच उन्हात, फडक्यावर, त्यांनी ती उघडली. टोपण, नळी, चिमटा, उलथणं. एकेक भाग पुसताना हात थरथरत होता. पण भाग जागेवर बसवायची वेळ आली, की थरथर कुठे जायची कोण जाणे. "आधी चिमटा," त्या पुटपुटल्या. सगळं जोडून झालं. मूठ मागे, मूठ पुढे. खर्रक-खट.

मावशी थांबल्या. माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघत.

"ऐकलं का साहेब?"

"ऐकलं. छान जमलं."

"छान नको. बोलली म्हना."

"म्हणजे?"

मावशींनी बंदूक मांडीवर घेतली. "शेवटाला ह्यांचे डोळे गेले. साखरेने. पार काळोख. तरी सोमवारी, सुट्टीच्या दिशी, बंदूक पुसायची सवय जाईना. मग मी पुसायची, मी जोडायची, हे समोर बसायचे. आधी बोट घालून बघायचे. शेवटाला मी खटका वाजवला की कान देऊन ऐकायचे. चुकलं असंल तर 'नाय, परत कर' म्हनायचे. बरोबर असंल तर म्हनायचे, 'बोलली.' ते बोलल्याबिगर मला खरं वाटायचं नाय. अजून नाय वाटत. माझं मीच म्हटलं तर त्याला काय अर्थ, साहेब?"

साहेबांनी कप पायरीवर ठेवला.

"बोलली," ते म्हणाले.

शिफारस झाली. शिवाय साहेबांनी मुख्यालयाच्या शस्त्रदुरुस्तीवाल्याकडून बंदुकीच्या तेलाची एक लहान बाटली मागवून मावशींना दिली आणि खोबरेल बंद करायची ताकीद दिली. मावशींनी मान डोलावली. निकालानंतर बंदूक न्यायला आल्या त्या टोपलीभर वालाच्या शेंगा घेऊनच. आम्ही ठाण्यामागे त्या मडक्यात भरल्या, भोवती जाळ केला आणि पोपटी भाजली. साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा पोपटी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कधी करायची ते विचारलं.

पुढच्या निवडणुकीच्या सोमवारी बघतो, तर दोन बाटल्या. नव्या तेलाची आणि चपटी. मी काही बोलायच्या आत मावशी म्हणाल्या, "लोखंडाला साहेबाचं. लाकडाला माझं. लाकडाला तर चालतं ना?" मी म्हटलं, लाकडाला चालतं. खरं काय ते मला अजून ठाऊक नाही.

माझी निवृत्ती जवळ आली असताना पुन्हा थंडीतच एक निवडणूक आली. ते साहेब केव्हाच बदलून गेले होते. मावशी बंदूक घेऊन आल्या, पण फार वाळल्या होत्या. गवसणी माझ्या हातात देऊन त्यांनी ती थोडा वेळ सोडलीच नाही. मग म्हणाल्या, "वरच्या फळीवर," आणि गेल्या. आचारसंहिता डुकरांना लागू आहे का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.

सोमवारी मावशी आल्या नाहीत. मी किल्ली टेबलावर काढून ठेवली होती. त्याच्या पुढच्या सोमवारीही त्या आल्या नाहीत. तेव्हा मीच दार लावून बंदूक खाली काढली. करंगळी घातली. इतकी वर्षं समोर बसून बघत होतो, हात आपोआप चालत गेले. आधी चिमटा, मग नळी. नळी एकदा रुसली, पुन्हा काढून बसवली. खटका वाजवला, पण म्हणायला कोणी नव्हतं. काही दिवसांनी त्यांच्या गावचा एक माणूस दुसऱ्याच कामाला आला होता, त्याच्याकडून कळलं. मावशी झोपेतच गेल्या होत्या.

निकाल लागला, सगळ्यांच्या बंदुका गेल्या. वरच्या फळीवर एक राहिली. मग एके सकाळी त्यांची मुलगी आली. ती पेणला दिलेली, माझ्याच गावची म्हणायची. परवान्याचे कागद आणि आईच्या मृत्यूचा दाखला तिने माझ्यापुढे ठेवला.

"मला नको बंदूक, काका. आमच्या बिल्डिंगमध्ये कुठली डुकरं हाकलायची? आनि मला त्यातलं काय कळत बी नाय. तेवढी गवसणी द्याल का? बाबांच्या खाकी शर्टाची हाय ती. आयेनं शिवलेली."

बंदूक दुसऱ्या दिवशी वडखळवरून अलिबागला जमा व्हायला जाणार होती. तिच्यासोबत गवसणी गेलीच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दोन्ही बाहेर आणलं. गवसणीचं कापड दस्त्याच्या बाजूला कडक झालं होतं, लाकडाचं खोबरेल त्यात उतरून थिजलं होतं. मुलीने ती नाकाशी धरली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"आयेच्या केसांचा वास हाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, "चल, ऊन दाखवू तिला."

भिंत तीच होती. गवसणी पसरली, शेजारी बंदूक ठेवली. मुलगी भिंतीला टेकून बसली, मी उभा राहिलो. कापड मऊ पडायला लागलं तेव्हा मी बंदूक उचलली. करंगळी आत घातली, पदर नव्हता म्हणून रुमालाला पुसली. मग मूठ मागे, मूठ पुढे. खर्रक-खट.

मी थांबलो. का थांबलो ते मी तिला सांगितलं नव्हतं.

मुलीने गवसणीवरून हात फिरवत, वर न बघता म्हटलं, "बोलली."